सत्तेच्या थरारकथा आणि सत्तेचे नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाभोवती फिरणाऱ्या राजकीय थरारकादंबऱ्यांविषयीचा लेख वाचला. लेखकाने या साहित्यप्रकाराकडे नाक न मुरडता त्याची दखल घेतली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. मात्र या कादंबऱ्या वॉशिंग्टनमधील पडद्यामागचे सत्ताकारण हुबेहूब उभे करतात, असा जो एकंदर सूर त्या लेखात आहे, तो मला पटत नाही. गुप्त कट रचणारा अब्जाधीश, खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला उपराष्ट्राध्यक्ष आणि एकट्याच्या हिमतीवर देश वाचवणारा राष्ट्राध्यक्ष ही सगळी मंडळी वाचायला रंजक असली, तरी तेथील पैशाचा आणि सत्तेचा मोठा व्यवहार राज्यघटनेच्या कलमांत, न्यायालयांच्या निकालांत आणि निवडणूक निधीच्या जाहीर हिशेबांत, म्हणजे उघड्यावरच चालतो. हे ज्या कादंबरीकाराला उमगले आहे त्याच्या पुस्तकात थरार अधिक असतो, असा माझा वाचक म्हणून अनुभव आहे.

या प्रकाराला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पुस्तकांपैकी एक म्हणजे ॲलन ड्रूरी यांची १९५९ मधील ‘ॲडव्हाइज अँड कन्सेंट’ ही जाडजूड कादंबरी. ड्रूरी यांनी पत्रकार म्हणून सिनेटचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, वार्तांकन केले होते आणि या कादंबरीला १९६० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिचा विषय ऐकला तर कोणालाही प्रश्न पडेल की यात थरारक ते काय: राष्ट्राध्यक्षाने परराष्ट्रमंत्रिपदासाठी सुचवलेल्या एका माणसाच्या नेमणुकीला सिनेट मंजुरी देते की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. पण राष्ट्राध्यक्ष कितीही बलवान असला तरी या एका गोष्टीसाठी त्याला सिनेटपुढे हात पसरावा लागतो, आणि एकेका सदस्याचे मत मोजताना कोणाला आमिष दाखवायचे, कोणाची जुनी भानगड उकरून काढायची, याचा जो हिशेब सुरू होतो त्यातून माणसे उद्ध्वस्त होतात. तेथे धाक दाखवला जातो, एक सदस्य आत्महत्याही करतो. परंतु हे सारे घडते ते घटनेने एक अडसर उभा केला आहे म्हणून. अडसर काढून टाका, म्हणजे कथाही संपली.

फ्लेचर नेबेल आणि चार्ल्स बेली या दोन पत्रकारांनी लिहिलेल्या ‘सेव्हन डेज इन मे’ या १९६२ च्या कादंबरीबद्दलही असेच म्हणता येईल. सोव्हिएत संघाशी केलेल्या निःशस्त्रीकरण करारामुळे संतापलेले सेनाधिकारी राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उठावाची तयारी करतात, ही तिची कल्पना. तिच्यात विशेष हे की राष्ट्राध्यक्ष पिस्तूल उचलत नाही. त्याला पुरावा हवा असतो, साक्षीदार हवे असतात, आणि अखेर मुख्य सेनाधिकाऱ्याला समोर बसवून तो त्याचा राजीनामा मागतो. जॉन केनेडी यांना ही गोष्ट अशक्य कोटीतील वाटली नव्हती. तिच्यावर चित्रपट निघावा अशी त्यांची इच्छा होती आणि व्हाइट हाउसच्या बाहेर चित्रीकरणाची मुभाही त्यांनी दिली होती. तो चित्रपट पडद्यावर आला तो १९६४ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर.

या दोन पुस्तकांशेजारी २०१८ मधील ‘द प्रेसिडेंट इज मिसिंग’ ठेवून पाहावे. जेम्स पॅटरसन यांच्यासोबत ती लिहिणारे बिल क्लिंटन आठ वर्षे त्या पदावर होते आणि १९९८-९९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगही चालला होता. राष्ट्राध्यक्षाच्या दिवसाचा तास न् तास कसा बांधलेला असतो, एक विधेयक संमत करून घेण्यासाठी किती जणांची मनधरणी करावी लागते, सकाळी मंजूर केलेली गोष्ट संध्याकाळी कोण कशी अडवते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! आरंभीची चौकशी समितीची चाहूल सोडली, तर कादंबरीत मात्र सायबर हल्ला रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्ष सुरक्षारक्षकांना चुकवून एकटाच बाहेर पडतो. पुस्तक तडाखेबंद खपले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की ज्याच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त होते त्याने सर्वांत सोपी गोष्ट सांगितली.

थरारकादंबरीकार टॉम क्लॅन्सी यांच्याबाबत मात्र आपल्या लेखकाने अन्याय केला आहे असे वाटते. युद्धसामग्रीच्या वर्णनांचा त्यांचा सोस मलाही पेलत नाही. तरीही १९९४ च्या कादंबरीच्या शेवटी संसदेच्या संयुक्त अधिवेशनावर विमान आदळून जवळजवळ सगळे सरकारच नाहीसे झाल्यावर, पुढच्या ग्रंथात त्यांनी जो पेच घातला आहे तो अस्सल राज्यशास्त्राचा आहे. आधीचा उपराष्ट्राध्यक्ष पुढे येऊन म्हणतो की माझा राजीनामा रीतसर झालेलाच नाही, तेव्हा खरा राष्ट्राध्यक्ष मीच. एका गहाळ कागदावर जगातील सर्वांत बलाढ्य पद लोंबकळत ठेवणे हे विमान आदळवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

पंचविसाव्या घटनादुरुस्तीचे या साहित्यात जे हाल होतात त्याविषयीही थोडे लिहायला हवे. १९६७ मध्ये अमलात आलेल्या या दुरुस्तीचे, अक्षम राष्ट्राध्यक्षाचे अधिकार उपराष्ट्राध्यक्षाकडे सोपवण्याची तरतूद करणारे चौथे कलम म्हणजे कटवाल्या मंत्र्यांच्या हातातील तयार हत्यार, असा समज कित्येक कादंबऱ्यांनी पसरवला आहे: उपराष्ट्राध्यक्षाने रात्री सह्या गोळा केल्या की सकाळी सत्ता त्याच्या हाती. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षाने ‘मी सक्षम आहे’ असे लेखी कळवले, की उपराष्ट्राध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्र्यांना चार दिवसांत पुन्हा हरकत नोंदवावी लागते, आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने त्यांची बाजू उचलून धरली नाही, तर राष्ट्राध्यक्षाचे अधिकार त्याला परत मिळतात. महाभियोगात प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, साधे बहुमत पुरते. म्हणजे हा मार्ग महाभियोगाहूनही खडतर आहे. हे कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. ज्याला कट रचायचा आहे त्याच्यासमोर चार दिवसांची आणि दोन तृतीयांशाची ही भिंत उभी करून पाहावी. कादंबरीकाराची खरी परीक्षा तेथे होईल.

आता पैशाकडे येतो, कारण लेखातील माझ्या मते सर्वांत सैल भाग तोच आहे. अब्जाधीश राष्ट्राध्यक्षपद विकत घेतो, ही या कादंबऱ्यांची आवडती कल्पना. इतिहास तिला सरळपणे दुजोरा देत नाही. रॉस पेरो यांनी १९९२ मध्ये पदरचे सहा कोटींहून अधिक डॉलर खर्च केले, सुमारे १९ टक्के मते मिळवली आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील ५३८ मतांपैकी त्यांच्या वाट्याला एकही आले नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठीच सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले आणि अमेरिकन सामोआ या प्रशांत महासागरातील छोट्या प्रदेशाखेरीज कोठेही त्यांची सरशी झाली नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी खुर्ची मिळवणे अवघड जाते. दुसऱ्याला खुर्चीवर बसवण्यासाठी पैसा लावणे हा अधिक फायद्याचा मार्ग आहे, आणि तो कायद्यानेच रुंद करून दिलेला आहे. १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणग्यांवरील मर्यादा कायम ठेवल्या, पण खर्चावरील मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केल्या. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांना आणि कामगार संघटनांना स्वतंत्र प्रचारखर्चाची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी एका अपील न्यायालयाच्या निर्णयातून अमर्याद देणग्या घेऊन स्वतंत्र प्रचार करणाऱ्या ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्यांचा जन्म झाला. या समित्यांनी उमेदवाराशी संगनमत करायचे नाही, ही त्यातील अट. २०२४ मध्ये निवडणूक आयोगाच्याच एका अभिप्रायाने घरोघरच्या प्रचारापुरती ही अटही सैल केली.

त्याच वर्षी इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या विजयासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. ही बातमी कोणा हेराने तिजोरी फोडून आणलेली नाही. ती आयोगाकडे दाखल झालेल्या विवरणपत्रांत आहे आणि कोणालाही वाचता येते. त्यातील दोन कोटींहून अधिक डॉलर ज्या समितीमार्फत खर्च झाले ती मतदानाच्या तोंडावर स्थापन झाली होती, त्यामुळे एकमेव देणगीदार मस्क हेच आहेत हे लोकांना कळले ते डिसेंबरमध्ये, निकाल लागून महिना उलटल्यावर. येथे लपवाछपवी फक्त तारखेची होती आणि तीही नियमांत बसणारी. देणगीदारांची नावे सांगण्याचे बंधन नसलेल्या काही ना-नफा संस्थांमार्फतही पैसा येतो, तेव्हा अंधार मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण तो अंधारही कायद्याने आखून दिलेला आहे. शिवाय या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे सदस्य सहा, त्यांतील एका पक्षाचे तीनांहून अधिक नसावेत असा नियम, आणि कोणतीही कारवाई करायची तर चार मते आवश्यक. तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होऊन प्रकरण मिटते, तेव्हा कोणालाही लाच द्यावी लागलेली नसते. यातून कादंबरी का निघू नये, हे मला कळत नाही.

जुन्या पद्धतीची लाच अर्थातच घडलेली आहे, आणि तिची एक कथा कोणत्याही कादंबरीकाराला सुचली नसती. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी मेरीलँडमधील कंत्राटदारांकडून रोख रकमा घेतल्याच्या चौकशीतून १० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला, करचुकवेगिरीचा आरोप लढवायचा नाही असे न्यायालयात सांगितले आणि दहा हजार डॉलर दंड भरला. पुढे १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच एक थरारकादंबरी लिहिली. तिचा नायक महत्त्वाकांक्षेपायी नष्ट होणारा उपराष्ट्राध्यक्ष आहे! पाकिटांतून येणाऱ्या पैशाची खरी हकिकत सांगण्याचा अधिकार ज्याला होता त्याने इराणी अतिरेक्यांची गोष्ट रचली.

संपत्ती आणि पद यांचा संबंध नुसता निवडून येईपर्यंतचाच नसतो. जेफ्री आर्चर यांनी १९८२ मधील कादंबरीत हॉटेलसम्राटाच्या मुलीला राष्ट्राध्यक्षपदापर्यंत नेले, तेव्हा ती कल्पना स्वप्नवत वाटत होती. पुढे हॉटेले असलेले ट्रम्प खरोखरच त्या पदावर आले आणि प्रश्न उभा राहिला की राष्ट्राध्यक्षाच्या मालकीच्या हॉटेलात परदेशी सरकारांचे पाहुणे उतरले, तर परकीय लाभ स्वीकारण्यास मनाई करणाऱ्या घटनेतील तरतुदीचा भंग होतो काय. खटले वर्षानुवर्षे चालले आणि जानेवारी २०२१ मध्ये, ट्रम्प यांनी पद सोडल्यावर, आता प्रश्नच उरला नाही असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ते निकाली काढले. मुदत संपेपर्यंत तारखा पडत राहिल्या की उत्तर देण्याची गरजच उरत नाही, ही युक्ती एखाद्या खलनायकाला शोभली असती. येथे ती कोणाला योजावीही लागली नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराची सीमा कोठे आहे, हा तर या साहित्याचा गाभा. १९५२ मध्ये कोरियातील युद्ध चालू असताना ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवले आणि त्यांनी कारखाने परत केले. १९७४ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशामुळे निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातील ध्वनिफिती द्याव्या लागल्या. याउलट ट्रम्प यांच्या खटल्यातील १ जुलै २०२४ च्या निकालाने राष्ट्राध्यक्षाला त्याच्या मूलभूत घटनात्मक अधिकारांच्या वापराबद्दल फौजदारी कारवाईपासून संपूर्ण संरक्षण दिले. या खटल्याच्या अपील न्यायालयातील सुनावणीत एका न्यायाधीशांनी विचारले होते की राजकीय प्रतिस्पर्ध्याला ठार मारण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्षाने नौदलाच्या कमांडो पथकाला दिला, तर त्याच्यावर खटला चालवता येईल काय. त्यावर ट्रम्प यांच्या वकिलांचे उत्तर होते की आधी महाभियोगात दोषी ठरवावे लागेल. हा संवाद एखाद्या कादंबरीत आला असता, तर आपल्या परीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

म्हणून विनंती एवढीच की यापुढे अशा पुस्तकांचे, विशेषतः अनुवादांचे परीक्षण छापताना कथा किती वेगवान आहे यापलीकडे दोन ओळी लिहाव्यात: लेखकाला त्या पदाचे अडसर ठाऊक आहेत का, आणि पैसा कोणत्या कायदेशीर वाटेने येतो हे त्याने दाखवले आहे का. अनुवादकांनीही सिनेटची संमती, वारसाक्रम, निवडणूक निधीचे नियम यांवर चार पानांचे टिपण जोडले, तर ते वाचक आनंदाने वाचतील. ड्रूरी यांच्या कादंबरीवर आपल्या पुरवणीत स्वतंत्र लेख आला तर तोही वाचायला आवडेल. आधीच्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता.

आपला नम्र,
एक नियमित वाचक