निवडले, पण कशासाठी?

प्रिय विजय,

जय ख्रिस्त.

तरुण संघात इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय घेतो आहेस हे वाचून बरे वाटले. चौथे वचन मुलांना जड जाणार. जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपल्याला निवडले, तेही पवित्र व निर्दोष असावे म्हणून! आधी 'निवडणे' या शब्दाचाच बंदोबस्त कर. मराठी कानाला त्यात तांदूळ निवडणे ऐकू येते: दाणा ताटात, खडा बाहेर. मग मुले आपण दाणा की खडा हेच चाचपत बसतात. तिथे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचे ७:७-८ उघड. इस्राएल संख्येने मोठे नव्हते, उलट सर्वांत थोडे होते. देवाने प्रीती केली आणि पूर्वजांना दिलेली शपथ पाळली, एवढेच कारण तिथे दिले आहे. निवडलेल्याच्या अंगचा गुण शोधायला जागाच नाही.

खरा वेळ 'पवित्र'ला दे. आपल्याकडे या शब्दाला सोवळ्याचा वास आहे, आणि मंडळीत आलो म्हणून तो जातोच असे नाही. हिब्रू 'कादोश' म्हणजे देवासाठी वेगळे काढलेले. वेगळे काढून करायचे काय, ते जुन्या करारातल्याच लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय सांगतो; पण अख्खा अध्याय वाचून घे, 'पवित्र व्हा' म्हणणाऱ्या दुसऱ्या वचनावर थांबू नकोस. शेताच्या कडेचे पीक कापायचे नाही, ते गरिबाचे आणि उपऱ्याचे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवायची नाही. बहिऱ्याला शिव्याशाप नाहीत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण नाही. तराजू खरा, वजने खरी, धान्य मोजायचा एफा आणि तेल मोजायचा हिन ही मापेही खरी. मिश्र सुताचे कापड आणि दाढीच्या कडाही त्याच अध्यायात आहेत. मुले विचारतीलच, तेव्हा टाळू नकोस. 'पवित्र व्हा' हे लेवीयच्याच ११व्या अध्यायात तर खाण्याच्या नियमांशेजारीच येते. पेत्र मात्र पहिल्या पत्रात (१:१५-१६) ते 'सर्व वागणुकीला' लावतो.

'निर्दोष'साठी ग्रीकमध्ये 'आमोमोस' आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो शब्द अर्पणाच्या जनावराला लागतो. आंधळे, मोडक्या पायाचे, खरूज झालेले चालत नाही. यादी लेवीय २२ मध्ये आहे.

कोणीतरी डॉर्टचा, म्हणजे नेदरलँड्समधल्या त्या गावी भरलेल्या चर्चसभेचा, विषय काढेल. १६१० मध्ये आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी निवडीविषयी पाच मुद्दे मांडले, १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने ते नाकारले. वाद हा, की देव पुढे दिसणारा विश्वास पाहून निवडतो की काहीच न पाहता. दहा मिनिटे पुरे, नाहीतर सगळा तास त्यातच जाईल. मात्र 'मी निवडलेला आहे का?' म्हणून एखादी मुलगी रडवेली झाली, तर त्याच सभेच्या लेखी निर्णयांतल्या पहिल्या प्रकरणाचे १२वे कलम कामाला येते. देवाच्या गूढात डोकावू नका, फळे पाहा: ख्रिस्तावर विश्वास, लेकराने बापाचे धरावे तसे भय, पापाचे दुःख, नीतिमत्त्वाची भूक. आणि 'निवडलोच आहोत, आता काय बिघडते' म्हणणारा भेटला, तर लगेच पुढचे कलम वाच. ही खात्री माणसाला ढिले करत नाही, असे तिथे स्पष्ट आहे.

शेवटच्या रविवारी कलस्सै ३:१२-१४ घे. 'देवाचे निवडलेले, पवित्र व प्रिय' म्हणून लगेच कपडे घालायला सांगितले आहे: करुणा, ममता, नम्रता, सौम्यता, सहनशीलता. पाच तुकड्या कर. प्रत्येकीने एकेक शब्द घ्यावा आणि तो या आठवड्यात कोणाशी वागताना लागेल ते नावानिशी ठरवावे, मोघम नको. लेवीय १९ च्या दिवशी वाण्याकडून तराजू मागून आण, टेबलावर ठेव. पोरे आपणहून हात लावतील.

तुझा,
सुधीर