विमान का रद्द झालं, तेवढं लिहून द्या

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

साहेब, सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशिनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याला बोअर-ड्रिल-टॅप मारून पार्टीला पाठवतो. आत्ता टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बिडाचं ब्रॅकेट पडलंय. वजन चार किलो शंभर ग्रॅम. गेल्या नोव्हेंबरात ते सकाळी अकरा वाजता फरिदाबादच्या एका पार्टीच्या टेबलावर ठेवायचं होतं. ते तिथं पोचलं संध्याकाळी सहाला. परचेसचे साहेब तोवर घरी गेले होते, आणि वॉचमननं ब्रॅकेट हातात घेऊन "भारी है" एवढा अभिप्राय दिला.

उजळाईवाडीला आमचा विमानतळ १९३९ पासून आहे, राजाराम महाराजांच्या काळातला. नवी टर्मिनल इमारतही झाली. १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी पुण्याच्या नव्या टर्मिनलचंही. पण मला हवं असलेलं पहाटेचं विमान पुण्याहून होतं. आता सकाळी ६.४० चं विमान म्हणजे पुणेकराला पहाटे चारचा गजर. कोल्हापूरकराचा प्रवास आदल्या रात्री जेवून उठल्यावर सुरू होतो. रस्त्याची कामं, डायव्हर्शन, साताऱ्याच्या पुढं एक चहा, असं करत आम्ही साडेअकराला निघून पावणेपाचला लोहगावला पोचलो. दारावर जवानानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "ये तो कैन्सल है."

विमान रद्द झाल्याचा मेसेज रात्री १०.५० ला आला होता. मी तेव्हा घरात बॅग भरत होतो. पण मेसेज माझ्या फोनवर आलाच नाही. तिकीट राजारामपुरीतल्या एजंटाकडून काढलेलं, आणि नेहमीच्या सवयीनं त्यानं बुकिंगमध्ये स्वतःचा नंबर टाकलेला. तो झोपलेला. सकाळी सातला त्याचा फोन आला, "काका, मेसेज रातीच आलाय वो, मी आत्ता बघितला." त्याला काय बोलणार? आमच्याकडं निम्मी तिकिटं अशीच निघतात.

इथवरचं गाऱ्हाणं मी पत्रात मांडलंही नसतं. यंत्र आहे, बिघडतं. आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी रद्द झाली की कंट्रोलर खिडकीतून डोकं काढून सांगतो, "पाटा तुटलाय, दुसरी गाडी लावतोय." माणूस दोन शिव्या घालतो आणि वाट बघतो. मला पुढच्या दीड महिन्याबद्दल बोलायचंय.

काउंटरवरची मुलगी बोलायला चांगली होती, मराठीच. म्हणाली, "सर, ऑपरेशनल रीझन आहे." म्हणजे काय? तिनं स्क्रीनकडं बघितलं. कारणाच्या जागी एक कोड होता. "तो आमचा आतला कोड असतो सर." पुढचं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं, किंवा पैसे परत. मी पैसे परत सांगितले आणि दुसऱ्या कंपनीचं दुपारचं तिकीट १३,९०० रुपयांना काढलं. रद्द झालेलं ६,८४० चं होतं.

गेटपाशी बसून कस्टमर केअरला फोन लावला. अडतीस मिनिटं सनई वाजली. मग एक गृहस्थ म्हणाले, "खराब हवामानामुळं विमान रद्द झालंय." मी काचेतून बाहेर बघितलं. लोहगावला लख्ख ऊन होतं. दिल्लीत धुकं असेल म्हणावं, तर दिल्लीला जाणारी बाकीची विमानं माझ्या डोळ्यांदेखत उडत होती.

कोल्हापूरला परत आल्यावर चॅटवर गेलो. तिथं एक यंत्रबाई आहेत. त्या "मी आपली काय मदत करू?" विचारतात, आणि आपण "भरपाई" असं लिहिलं की "आपल्याला सीट बदलायची आहे का?" असं विचारतात. शेवटी ईमेल केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं: तांत्रिक कारणामुळं, आमच्या नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितीत, उड्डाण रद्द करावं लागलं, नियमानुसार भरपाई देय नाही, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

एका विमानाची तीन कारणं झाली, ऑपरेशनल, हवामान आणि तांत्रिक. साहेब, माझं सगळं म्हणणं या तीन शब्दांवर उभं आहे.

कारण डीजीसीएचा, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम मी वाचलाय. इंग्रजीतला आहे, भाचीनं समजावून सांगितला. त्यात प्रवाशाला बरंच दिलंय, हे मान्य करतो. चोवीस तासांच्या आत विमान रद्द केल्याचं कळवलं, तर परतावा किंवा दुसरं विमान, आणि त्याखेरीज भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. माझ्या तिकिटात ही रक्कम ५,६३० होते. टॅक्सीचे पैसे आणि दुसऱ्या तिकिटातला फरक त्यात निघत नाही, पण ठीक आहे, नियम तो नियम.

पुढं मेख आहे. रद्द होण्याचं कारण कंपनीच्या हाताबाहेरचं, असाधारण असेल, तर भरपाई नाही. हेही रास्तच आहे. वादळात विमान उडवा असं कोण म्हणेल? पण कारण असाधारण होतं की नव्हतं, हे सांगणार कोण? कंपनीच. ते कारण तिच्या रेकॉर्डला, विमान तिचं, पायलट तिचे, आणि पैसे द्यायचेत तेही तिनंच. आपण तरुणपणी कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती खेळलात, असं इथं लोक अभिमानानं सांगतात. मग आपल्याला हे लगेच कळेल. खासबागेत कुस्ती लागलीय, आणि पाठ टेकली की नाही हे समोरच्या पैलवानालाच विचारून ठरवायचं. असा पंच कुठल्या मैदानात चालवून घेतला असता आपण?

तक्रारीची सोय नाही असंही नाही. कंपनीचा नोडल अधिकारी असतो, त्याच्यावर अपिलाचा अधिकारी असतो. मी दोघांनाही लिहिलं. दोघांची उत्तरं स्वल्पविरामासकट एकच होती. सरकारचं एअरसेवा पोर्टल २०१६ पासून आहे. तिथं टाकलेली तक्रार ज्या कंपनीविरुद्ध आहे तिच्याकडंच उत्तरासाठी जाते, आणि कंपनी काय, तेच उत्तर पुन्हा चिकटवते. यात पोर्टलला बोल लावत नाही. पोस्टमननं पत्र पोचवलं. आतला मजकूर खरा की खोटा हे तपासायचं काम त्याला कुणी दिलंय?

कारण लिहून ठेवायची पद्धत विमानवाल्यांकडं नाही म्हणावं, तर तसंही नाही. उशीर का झाला हे नोंदवायला जगभरच्या कंपन्या दोन आकडी कोड वापरतात. ४१ म्हणजे विमानातला बिघाड. ७१ म्हणजे निघण्याच्या ठिकाणचं हवामान. ९३ म्हणजे आधीच्या फेरीचं विमानच वेळेत आलं नाही. काउंटरवरच्या त्या मुलीच्या स्क्रीनवर दिसला तो असलाच काहीतरी आकडा असणार. म्हणजे ज्या क्षणी मला "ऑपरेशनल रीझन" सांगितलं गेलं, त्या क्षणी खरं कारण माझ्यापासून दोन फुटांवर होतं.

माझ्या शॉपमध्ये एक पीस रिजेक्ट झाला तरी मला असं बोलता येत नाही. कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेचं भोक) आहे, श्रिंकेज (धातू आकसणं) आहे, की आमच्या पोरानं बोअर ओव्हरसाइज केला, हे लिहून, सही करून पार्टीला पाठवावं लागतं. ब्लो होल असेल तर खर्च फाउंड्रीच्या नावावर, बोअर चुकला असेल तर माझ्या. दोनशे रुपयांच्या पीसचं हे. उद्या मी पार्टीला "पीस ऑपरेशनल कारणामुळं रिजेक्ट झाला" असं कळवलं, तर परवापासून ऑर्डर बंद.

तेव्हा मागणी एकच आहे. विमान रद्द झालं की रद्द झाल्याच्या मेसेजमध्येच कारण आलं पाहिजे, नेमकं, कोडसकट, आणि नंतर बदलता येणार नाही असं. त्याच मेसेजमध्ये भरपाई लागू आहे की नाही, आणि नसेल तर का, हेही. मराठीत आलं तर उत्तम. कारण खोटं निघालं तर दंड. आणि लागू असेल तर रक्कम ज्या खात्यातून तिकीट निघालं त्या खात्यात आपोआप जावी. माणसानं सनई ऐकत बसायची गरज काय? रेल्वेनं गाडी रद्द केली की ई-तिकिटाचे पैसे न मागता परत येतात, आमच्या महालक्ष्मीनं जाणाऱ्या कुणालाही विचारा.

युरोपातल्या देशांनी २००४ मध्ये २६१ क्रमांकाचा नियम केला. तिथं परिस्थिती असाधारण होती हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, आणि प्रवाशाला कधी कळवलं हेसुद्धा तिलाच. पुढं त्यांच्या न्यायालयानं असंही म्हटलं की नेहमीचा तांत्रिक बिघाड ही असाधारण गोष्ट नव्हे. बरोबरच आहे. विमान चालवायचा धंदा करायचा आणि विमान बिघडलं की आभाळाकडं बोट दाखवायचं?

एजंटाच्या नंबराचंही बघा. नियमात म्हटलंय की बुकिंग करताना प्रवाशानं संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर भरपाई नाही. आणि परताव्याच्या नियमात म्हटलंय की एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी पैसे परत करायची जबाबदारी कंपनीची, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. म्हणजे एका कागदावर एजंट कंपनीचा माणूस, आणि दुसऱ्या कागदावर त्यानं नंबर चुकीचा टाकला की भोगायचं मी. यावर उपाय सोपा आहे. प्रवाशाच्या स्वतःच्या नंबरावर ओटीपी गेल्याशिवाय तिकीट निघूच नये. गॅसच्या सिलिंडरला ओटीपी चालतो, मग विमानाला का नाही?

हे सगळं अवघड आहे असं कुणी आपल्याला सांगेल. पण डिसेंबर २०२५ मध्ये, पायलटांच्या ड्युटीच्या नव्या नियमांना वेळापत्रक पुरं पडलं नाही म्हणून एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा आपल्याच मंत्रालयानं ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सगळे परतावे द्या असा आदेश काढला होता. तिकिटांच्या दरालाही वरची मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी चढती. मंत्रालयानं मनावर घेतलं की दोन दिवसांत हलतं, हे सगळ्या देशानं पाहिलंय. फक्त हजारो माणसं एकदम अडकल्यावरच हलावं लागतं का? लोहगावला त्या पहाटे आम्ही फार तर दीडशे होतो. एक बाई बाळाला घेऊन नाशिकच्या रात्रीच्या बसनं आली होती. एक मुलगा इंटरव्ह्यूला निघाला होता. इस्त्रीचा शर्ट हँगरवरच हातात धरून उभा होता, बसला की चुरगळेल म्हणून. त्यातल्या किती जणांनी भरपाई मागितली असेल? ती मागता येते हे तरी कुणाला माहीत होतं? काउंटरवर त्याचा एक शब्द निघाला नाही.

माझे एक वकील मित्र म्हणतात, ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानं राहत्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, केस मजबूत आहे. जाईनही. पण ५,६३० रुपयांसाठी किती तारखांना मशिन बंद ठेवायचं, हा हिशेब मी रोज करतो आणि रोज पुढं ढकलतो. कंपनीचाही हिशेब तोच असावा, अशी मला दाट शंका आहे.

पार्टीनं ऑर्डर दिली नाही. दिली असती की नाही कुणास ठाऊक. ब्रॅकेटच्या फिनिशिंगबद्दल मला स्वतःलाच थोडी धाकधूक होती. त्याचं खापर मी विमानावर फोडत नाही.

तिकिटाची प्रत, रात्री १०.५० च्या मेसेजचा एजंटाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट, ईमेलची उत्तरं आणि फोनवरचं बोलणं मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं तो कागद, असं सगळं आपल्या कार्यालयाकडं वेगळं पाठवत आहे. तीन कारणांपैकी खरं कोणतं, एवढं कंपनीला विचारून मला कळवावं, ही विनंती.

आपला,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर इथला एक मशिनशॉपवाला