बायबलमधल्या शौल राजाचे अध्याय माझ्यासोबत बसून वाचणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हातात पण देता आलं असतं, दोन गल्ल्या सोडून तर राहता. पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आई गेल्यानंतर मी ज्या भीतीत होते त्याच भीतीत आपल्या मंडळीतले आणि बाहेरचे पण कितीतरी जण आज बसलेत आणि त्यांच्या शेजारी तुमच्यासारखं कोणी नाहीये.

तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आई गेली आणि माझी प्रार्थना कोरडी पडली. बसायचे, डोळे मिटायचे, शब्द पण निघायचे, पण समोर ऐकणारं कोणी आहे असं वाटायचंच नाही. चर्चला जात होते, गाणी म्हणत होते, प्रभूभोजन घेत होते, आतून काही हलत नव्हतं. त्यात एका कन्व्हेन्शनला एका प्रचारकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की ताई तुमच्या जीवनात आज्ञाभंग आहे, म्हणून देवाची समक्षता निघून गेलीये, शौलासारखं झालंय तुमचं, काय ते शोधून काढा. काय शोधू? रात्र रात्र जागून लहानपणापासूनचं सगळं उकरत बसायचे.

तुमच्याकडे आले तेव्हा वाटलं तुम्ही पण प्रार्थना करून, दोन वचनं हातात देऊन पाठवाल. तुम्ही चहा ठेवला आणि म्हणालात, "शौलासारखं म्हणाला ना तो, मग शौलाचंच वाचू, सगळं वाचू." आणि ते ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं बायबल काढलंत, त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा, काही तर इतक्या जुन्या की पुसट झालेल्या. पहिलं शमुवेल, अध्याय १३.

काकू मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शौलाची गोष्ट ऐकलीये पण अशी कधी वाचलीच नव्हती. इस्राएलचा हा पहिला राजा गिलगालात सात दिवस थांबलाय, कारण शमुवेल संदेष्ट्याने मी येऊन अर्पण करेन तोवर थांब म्हणून सांगितलंय, शत्रू पलिष्टी मिखमाशाला येऊन बसलेत, त्याची माणसं गुहांमध्ये, झुडपांमध्ये लपतायत, रोज थोडी थोडी पळतायत, आणि शमुवेल येत नाही. शेवटी तो स्वतःच होमार्पण करतो, आणि ते आटोपतं न आटोपतं तोच शमुवेल हजर. नंतर मोजली तर माणसं उरली होती ६००. मी म्हटलं मला तर त्याची दया येतेय, तुम्ही म्हणालात, "मला पण येते. येऊ दे. दया आल्याशिवाय पुढचं वाचू नये."

मग १५ वा अध्याय. अमालेकी लोकांना गुराढोरांसकट पूर्ण नष्ट कर हा देवाचा हुकूम वाचताना मला फार जड गेलं आणि तुम्ही त्यावर काही सोपं उत्तर दिलं नाहीत हे मला आवडलं. पण शौलाने जे केलं ते तुम्ही अगदी बारीक दाखवलंत. त्याने त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवलं, उत्तम मेंढरं आणि गुरं ठेवली, टाकाऊ तेवढं मारलं. मग कर्मेलात स्वतःचं स्मारक उभं केलं. आणि शमुवेल आला तेव्हा हाच पुढे होऊन म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली! तेव्हा शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं बें बें कसलं येतंय? आणि शौलाचं उत्तर तयार आहे, देवाला यज्ञ करायला ठेवलीत म्हणे लोकांनी. तुम्ही तिथे बोट ठेवलंत. म्हणालात की आज्ञा मोडणं बहुतेक वेळा असंच दिसतं, देवाच्याच कामासाठी केल्यासारखं, भक्तीचे कपडे घालून येतं, म्हणून तर शमुवेलाला म्हणावं लागलं की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. मी हे त्याआधी कुठल्याच प्रवचनात असं ऐकलं नव्हतं.

आणि शेवटी चूक कबूल करून पण त्याने काय मागितलं तर माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. देव परत दे असं नाही मागितलं.

नंतर १६:१४, परमेश्वराचा आत्मा त्याला सोडून गेला. मला वाटायचं म्हणजे लगेच सगळं कोसळलं असेल. काहीच कोसळलं नाही! सिंहासन तेच, फौज तीच, हातातला भाला तोच, तो पुढे कितीतरी काळ राजाच होता. हे वाचून मला खरी भीती वाटली, आणि तुम्ही ती भीती काढून टाकायची घाई केली नाहीत. घाबरण्यासारखंच आहे हे, म्हणालात.

२८ वा अध्याय मात्र मी विसरणार नाही. पलिष्ट्यांची छावणी शुनेमाला, शौल समोर गिलबोवाला, आणि मेलेल्यांशी बोलणारी बाई राहते ते एन-दोर त्या शत्रूच्या छावणीच्याही पलीकडे, तरी हा वेष पालटून रात्रीचा तिकडे जातो, ज्या कामाला त्याने स्वतःच बंदी घातली होती ते करून घ्यायला, कारण देव स्वप्नातून बोलेना, उरीम म्हणजे याजकाकडच्या कौलाने बोलेना, संदेष्ट्यांकडून बोलेना. दिवसभर आणि रात्रभर पोटात अन्न नाही, जमिनीवर आडवा पडलाय. मग ती बाई घरातलं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजते, आणि त्याला जेवायला घालते. तुम्ही इथे चष्मा काढलात आणि पदराने डोळे पुसलेत, किती वेळा वाचलं असेल तुम्ही हे, तरी. "ह्याला शेवटी वाढलं कोणी बघ," एवढंच म्हणालात.

त्यानंतर तुम्ही मला जे विचारलंत त्याने माझी सुटका झाली. "शौलाला देवाने नुसतं काहीतरी चुकलंय असं सांगितलं का? का नेमकं सांगितलं?" नेमकं सांगितलं होतं. गिलगालात काय केलंस ते सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, अगागाचं सांगितलं. शौलानंतर राजा झालेल्या दावीदाला नाथान संदेष्टा येऊन समोर म्हणाला की तो मनुष्य तूच आहेस, ज्याला त्याने मारवलं त्या उरीयाचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं सांगितलं. एवढी वर्षं हॉस्पिटलात नर्स होतात म्हणून तुम्हालाच सुचावं, म्हणालात की कुठला डॉक्टर पेशंटला तुला काहीतरी झालंय, काय ते तूच शोध म्हणून घरी पाठवतो? देव दोष दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो. आणि आधी शमुवेलाने शौलापायी रात्रभर देवाकडे आक्रोश केलाय, हे पण तुम्ही दाखवलंत, १५:११. माझ्या डोक्यावर हात ठेवणारा माणूस माझ्यासाठी एक मिनिट तरी रडला होता का?

मी तरी ऐकत नव्हते. म्हटलं काकू, अचाट ताकदीच्या शमशोनाला तर कळलंच नाही ना परमेश्वर सोडून गेलाय ते, मग मला पण कळलं नसेल तर? तुम्ही शास्ते १६ काढलंत. शमशोन उठून म्हणतो मी नेहमीसारखा बाहेर पडेन, अंग झाडून मोकळा होईन. त्याला काही विचारायचंच नव्हतं, ताकद आपलीच समजून चालला होता. "तू तर येता जाता देव कुठे आहे म्हणून विचारतेस," म्हणालात. आणि पुढे त्याचे कापलेले केस परत वाढू लागले ते वाक्य पण वाचायला लावलंत, त्याची शेवटची प्रार्थना देवाने ऐकली ते पण.

मग दावीद. हा मुलगा शौलाच्या दरबारात वीणा वाजवत होता, आत्मा निघून गेलेला माणूस कसा दिसतो हे त्याने हाताच्या अंतरावरून पाहिलंय, त्याच्यावर भाला पण फेकलाय त्या माणसाने. म्हणून ५१ व्या स्तोत्रात तो राज्य वाचव म्हणत नाही, तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको म्हणतो. हे दोन्ही जोडून मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलंत, आता ते स्तोत्र म्हणताना मला शौलच दिसतो.

आणि सगळ्यात शेवटी मत्तय २७, वधस्तंभावरचा येशू. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. तुम्ही विचारलंत, "ह्याने कुठली आज्ञा मोडली होती?" काकू मी काही बोलूच शकले नाही. जो मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला त्याच्याच तोंडी हे वाक्य आहे. देव दूर वाटणं आणि देवाने टाकून देणं ह्या दोन गोष्टी एकच असत्या तर वधस्तंभावरची ती हाक बायबलमध्ये कशी असती? मी किती रडले त्या दिवशी, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा आईसाठी रडले, तोवर भीतीने मला शोक पण करू दिला नव्हता.

मी तुम्हाला सोडणार नाही, टाकणार नाही, ही वचनं तुम्ही त्यानंतर दिलीत. आधी दिली असती तर माझ्या कानावरून गेली असती.

माझी प्रार्थना लगेच पूर्वीसारखी झाली असं नाही, अजून पण काही दिवस कोरडेच जातात. पण आता मी ते सरळ त्यालाच सांगते, आज कोरडं आहे प्रभू, आणि बसून राहते. आज्ञेकडे पण आता वेगळ्या नजरेने बघते, भीतीने मागचं उकरत नाही, आज समोर काय नेमकं सांगितलंय ते वाचते आणि तेवढं करते.

काकू, तुमचे आभार कसे मानू. तुम्ही मला उत्तर द्यायची घाई केली नाहीत, अवघड पानं गाळली नाहीत, आणि माझ्याकडून काही कबूल करून घ्यायला बसला नाहीत. देवाने तुम्हाला भरभरून आशीर्वाद द्यावा, गुडघ्यांना आराम द्यावा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की यहेज्केल १० घेऊ म्हणाला होतात, परमेश्वराचं तेज मंदिरातून कसं थांबत थांबत बाहेर पडलं ते. ऑपरेशनपर्यंत थांबायचं कशाला, बुधवारी येते, मी वाचते तुम्ही ऐका.

तुमचीच,
प्रभूमधली लेक