हेळव्याची वही आणि योसेफाचे दोन बाप

शारजा, शुक्रवार

प्रिय पप्पा,

जय ख्रिस्त. आईने पाठवलेली शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या पोचल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या खोलीतल्या सोबत्यानेच खाल्ल्या. तो आपल्या विजापूर वेशीतला आहे, हे मी सांगितलंच होतं. त्याच्याशी माझं मागच्या आठवड्यात जोरात वाजलं. फोनवर आई ऐकते आणि काळजी करत बसते, म्हणून तुम्हाला लिहून कळवतो.

जेवताना त्याने विचारलं, "तुमच्या किताबात येशूच्या आईचा नवरा योसेफ, त्याचा बाप कोण?" मी म्हटलं, याकोब. तो म्हणाला, लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ, येशूची वंशावळ बघ. तिथे एली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातली वंशावळ दावीद राजानंतर त्याचा मुलगा शलमोन याच्याकडून खाली येते, लूकची दुसरा मुलगा नाथान याच्याकडून. मधल्या इतक्या पिढ्यांत शल्तीएल आणि जरुब्बाबेल सोडले तर नावं जुळत नाहीत. हे सगळं त्याला पाठ होतं. 1854 साली आग्र्याला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि मिशनरी फांडर यांचा दोन दिवस वाद झाला होता. मौलानांनी पुढे 'इझहारुल हक' या पुस्तकात हे आक्षेप मांडले, ते त्याने अब्बांकडून लहानपणीच ऐकलेले.

मला उत्तर सुचेना, म्हणून मी उलटा वार केला. "तुमच्या कुराणात येशूच्या आईला, मरियमला, हारूनची बहीण म्हटलंय. हारून तर मूसाचा भाऊ, हजारभर वर्षं आधीचा!" त्याने शांतपणे सांगितलं की हाच प्रश्न अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी पैगंबरांचे सोबती मुगीरा यांना केला होता, आणि पैगंबरांचं उत्तर सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे: ते लोक आधीच्या नबींची आणि सज्जनांची नावं आपल्या मुलांना ठेवत. मी म्हटलं, "सोयीचं आहे." तो ताट तसंच ठेवून उठला.

पप्पा, ते माझं चुकलं. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, आणि मला त्याचं उत्तर सोयीचं वाटावं?

मग मी रात्री वाचायला बसलो. संडे स्कूलमध्ये आपल्याला शिकवलं की लूकची वंशावळ मरीयेची. त्या यादीत मरीयेचं नावच नाही, लूकने योसेफच लिहिलाय. हे उत्तर मी यापुढे कुणाला देणार नाही. तिसऱ्या शतकातल्या ज्युलियस आफ्रिकानसचा खुलासा मला जास्त पटला. याकोब आणि एली एका आईचे, पण दोन बापांचे. एली निपुत्रिक वारला, यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केलं. म्हणून योसेफ रक्ताने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. आफ्रिकानस पुढे स्वतःच कबूल करतो की याला साक्षीपुरावा नाही, पण याहून चांगलं काही हाती नाही. त्याच्या या प्रामाणिकपणामुळेच मला तो आवडला.

ते वाचताना गावचा हेळवी आठवला. सुगी झाली की बैलावर बसून पाटलांच्या वाड्यावर यायचा, वही उघडून पिढ्या म्हणायचा, धान्य घेऊन जायचा. थोरल्या पाटलांचं नाव तो दोनदा घ्यायचा, एकदा जन्मदात्याच्या खाली आणि एकदा दत्तक घेतलेल्या चुलत्याच्या खाली. त्याला कुणी खोटं म्हटलं नाही.

शनिवारी मी सोबत्याची माफी मागितली आणि हे सगळं सांगितलं. मत्तयाने योरामानंतर अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळलेत, हेही लपवलं नाही. मत्तयाला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हवे होते. इब्री म्हणजे हिब्रू अक्षरांना आकडे असतात, त्या हिशेबाने दावीद म्हणजे चार, सहा, चार, मिळून चौदा. पण राजे गाळणाऱ्या मत्तयाने तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघी ठेवल्या. मला त्या यादीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. सोबत्याला राजे गाळणं पटलं नाही. नावं गाळली तर हिशेबच मोडला, असं तो म्हणतो.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "ईसा, म्हणजे तुमचा येशू, बापाविना जन्मले, हे तुम्हीही मानता, आम्हीही. म्हणून आम्ही ईसा इब्न मरियम, मरियमचा मुलगा ईसा, म्हणतो. मग योसेफाची यादी कशाला?" मी त्याला मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट वाचून दाखवला. बाळाचं नाव योसेफाने ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे आपलं म्हटलं, आणि दावीदाचं घराणं त्या बाळाला तिथून मिळालं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाटलांच्या दत्तकासारखं." मानलं नाही त्याने, पण ऐकलं. त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो.

एक काम करा. आपल्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर घराची नावं आहेत. ती बाप्तिस्मा घेतलेल्या पणजोबांपासून सुरू होतात, त्यांच्या वडिलांचं नाव नाही. आत्याआजीला विचारून घ्या, लवकर. ती थकली आहे, आणि हेळवी आपल्या दारी कधी आला नाही.

तुमचा,
बाळू