शिकारीच्या सोडतीत उशिरा जन्मलेल्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या शिकारीच्या परवान्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मोठ्या जनावरांचे टॅग, म्हणजे एकेक जनावर मारण्याचे परवाने, सोडतीने वाटतात, ज्याचा नंबर लागला नाही त्याला त्या वर्षी एक पॉइंट मिळतो आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला टॅग आधी, ही माहिती लेखकाने सोपी करून सांगितली आहे. पण हीच सगळ्यांत न्याय्य पद्धत, हा त्यांचा निष्कर्ष मला पटला नाही. मी मूळचा चिपळूणचा. कोलोरॅडोत येऊन 18 वर्षे झाली आणि गेली 11 वर्षे दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागे डोंगर चढतो आहे. ही रांग मी आतून पाहिली आहे.

मुळात शिकार करावीच का, असे आपल्याकडचे वाचक आधी विचारतील. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या पिढीला तो प्रश्न पडणारच, आणि तो लहान नाही. इथली रीत तेवढी सांगतो. रानातले जनावर जमीनमालकाचे नसते, राज्यातल्या जनतेचे मानले जाते. शिकारीचे मांस विकता येत नाही आणि रानात टाकून देणे हा गुन्हा आहे. बंदुका-काडतुसांवर 1937 च्या कायद्याने केंद्राचा कर आहे, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कळपांची मोजदाद होते आणि त्यावरून टॅग किती काढायचे ते ठरते. म्हणजे जे सगळ्यांचे आहे पण सगळ्यांना पुरणारे नाही, ते वाटायचे कसे, हा प्रश्न आहे. म्हाडाच्या सोडतीला ज्याने एकदा तरी अर्ज केला आहे, त्याला हे वेगळे समजावायला नको.

कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. मादीचा टॅग किंवा साध्या युनिटातला (युनिट म्हणजे शिकारीसाठी आखलेला प्रदेश) नराचा टॅग बऱ्याच ठिकाणी फार न थांबता मिळतो. ओढाताण आहे ती मोजक्या युनिटांसाठी. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या 2, 10 आणि 201 या युनिटांत मोठ्या शिंगांचे नर टिकावेत म्हणून टॅग मुद्दाम कमी ठेवतात. तिथे रायफलने नर मारायचा तर 20 हून जास्त पॉइंट लागतात. वर्षाला एकच पॉइंट, तेव्हा 20 हून जास्त वर्षे.

तेवढी वर्षे थांबले की मिळेल, असेही नाही, आणि लेखात राहून गेलेली गोष्ट हीच आहे. समजा, एका युनिटात वर्षाला 50 टॅग आहेत आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, 20 पॉइंटांवर, 400 माणसे आहेत. त्यांचे वाटप संपायला 8 वर्षे जातात. तोवर खालच्या, आज 19 पॉइंट असलेल्या, पायरीवरच्या 450 जणांचेही 27 पॉइंट झालेले असतात, त्यांना आणखी 9 वर्षे. 17 वर्षांत दोनच पायऱ्या रिकाम्या झाल्या आणि टॅगची किंमत 20 वरून 35 पॉइंटांवर चढली. इथले लोक याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. माझी मुलगी 12 वर्षांची आहे, मोठ्या जनावराच्या शिकारीला इथे तेच किमान वय. तिने यंदा शून्यापासून सुरुवात केली तर वयाच्या 29 व्या वर्षी तिच्याकडे 17 पॉइंट असतील आणि तिच्या वर अजून 18 पायऱ्या माणसे. काही जण कंटाळून सोडतात, काही दुसऱ्या युनिटात पॉइंट खर्च करतात, काही वारतात, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका ताठ नसतो. दिशा मात्र हीच राहते. कुणी किती धीर धरला, हे ही रांग मोजत नाही. कोण आधी जन्मला आणि कोणाच्या बापाने त्याला वेळेवर रांगेत उभे केले, हे मोजते.

लहानपणी चिपळूण स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे पाहिले आहेत. ते निदान त्याच गाडीने जात. इथे ज्यांना यंदा जायचेच नाही तेही रुमाल टाकतात. कोलोरॅडोत टॅग न मागता नुसता पॉइंट मागता येतो. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचा एक पॉइंट 50 हून अधिक डॉलरना विकतात. 2018 मध्ये कोलोरॅडोने परवान्याची पूर्ण फी अर्जासोबत आधी भरण्याची अट काढली, तेव्हा मूस (एल्कहूनही मोठे हरीण), बिगहॉर्न मेंढा आणि माउंटन गोट (डोंगरी बकरा) यांचे अर्ज एकदम फुगले. गरिबाचे पैसे महिनोन्महिने अडकू नयेत, हे मला मनापासून मान्य आहे. पण पॉइंटच्या विक्रीतून नेमाने उत्पन्न येऊ लागले की ती रांग कमी करण्याची घाई कोणत्या खात्याला असेल?

पॉइंट असले म्हणजे सगळीकडे रांगच असते असेही नाही. नेवाडात पॉइंटांच्या आकड्याचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या टाकतात. 10 पॉइंटवाल्याच्या 100 चिठ्ठ्या आणि चालू अर्जाची एक, नवख्याची एकच. त्याची संधी बारीक आहे, पण आहे. कोलोरॅडोनेही 10 किंवा त्याहून जास्त पॉइंट लागणाऱ्या युनिटांत 20 टक्क्यांपर्यंत टॅग नशिबावर सोडले आहेत, मात्र त्या चिठ्ठीत नाव जायलाही किमान 5 पॉइंट हवेत. नवख्यासाठी दार उघडायचे म्हणायचे आणि उंबरठा पाच वर्षांचा ठेवायचा, हे मला समजलेले नाही.

न्यू मेक्सिको आणि आयडाहो या दोन राज्यांत पॉइंटच नाहीत. दर वर्षी सगळ्यांची पाटी कोरी. आयडाहोने त्यात एक शहाणपणाची अट घातली आहे: मूस, बिगहॉर्न किंवा माउंटन गोटसाठी अर्ज केला तर त्या वर्षी हरीण-एल्कच्या बहुतेक सोडतींत अर्ज करता येत नाही. ज्याला खरेच मूस हवा तोच मूस मागतो, गर्दी आपोआप पांगते. न्यू मेक्सिकोत 84 टक्के टॅग स्थानिकांना, 10 टक्के वाटाड्याशी करार केलेल्यांना आणि उरलेले 6 टक्के बाहेरच्यांना असा कोटा आहे. त्यातला वाटाड्यांचा हिस्सा मला खटकतो, कारण वाटाड्या परवडणाऱ्यांना वेगळी, लहान रांग मिळते.

स्थानिक आणि बाहेरचे यांच्यात भेद करावा का, यावर इथे सतत वाद होतो. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाच्या खटल्यात बाहेरच्यांकडून एल्कची जास्त फी घेणे वैध ठरवले. ज्यांच्या शेतातला चारा एल्क हिवाळाभर खातात त्यांना थोडे झुकते माप मिळाले तर मी तक्रार करणार नाही. बिगहॉर्नचा एखादा टॅग लिलावात लाखो डॉलरना जातो, त्यावरही लोक चिडतात. मी चिडत नाही. असे टॅग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि त्यांचा पैसा मेंढ्यांच्या कामी येतो. हजारो टॅग वर्षानुवर्षे ज्या पद्धतीने वाटले जातात, तिचे दुखणे मोठे आहे.

माझ्या म्हणण्यावर एकच आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो माझ्या शेजाऱ्याचा आहे. निवृत्त सुतार, वय 71. बंदूक कशी धरायची, वारा कसा ओळखायचा, मारलेले जनावर रानातच कसे सोलायचे, हे सगळे त्यांनीच मला शिकवले. त्यांच्याकडे 201 साठी जमवलेले 24 पॉइंट आहेत. उद्या पॉइंट रद्द झाले तर त्यांना काय सांगायचे? त्यांनी राज्याचा शब्द खरा मानून 24 वर्षे नेमाने अर्ज भरले. पॉइंट विकता येत नाहीत, मुलाच्या नावावरही करता येत नाहीत, आणि गुडघे आता किती वर्षे साथ देतील हे त्यांनाच ठाऊक.

म्हणून एका रात्रीत पाटी पुसा, असे मी म्हणत नाही. अशा युनिटांतले निम्मे टॅग जुन्या पॉइंटवाल्यांना ठरलेल्या मुदतीपर्यंत द्यावेत, निम्मे सर्वांसाठी खुले ठेवावेत, अगदी शून्य पॉइंटवाल्यालाही. नवे पॉइंट देणे थांबवावे. टॅग न मागता नुसता पॉइंट घेणे तर आजच बंद करावे. ज्याचा नंबर लागला त्याने पुढची पाच वर्षे त्या सोडतीबाहेर राहावे. हेच मी इथल्या वन्यजीव आयोगालाही लिहून कळवले आहे. पत्र पाठवण्याआधी शेजाऱ्यांना वाचून दाखवले. निम्म्या टॅगांवर ते राजी झाले, नवे पॉइंट बंद करण्यावर नाही.

मुलीने मागच्या महिन्यात हंटर एज्युकेशनची परीक्षा दिली. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. तिने पहिली पसंती घराजवळच्या युनिटातल्या मादी एल्कची भरली आहे, तिथे मुलांसाठी काही टॅग राखीव असतात. नकाशावर 201 वर बोट ठेवून तिने विचारले, इथे कधी जाता येईल? मी तिला वरचाच हिशेब कागदावर मांडून दाखवला.

आपला,
एक वाचक
फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो