ऑस्टिनमधल्या अनोळखी मंडळींचे आभार

आमची लेक ह्यूस्टनच्या एका ख्रिस्ती हायस्कूलात अकरावीला आहे. वायएमसीएचा ‘यूथ अँड गव्हर्नमेंट’ हा उपक्रम १९३६ साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला. टेक्सासमध्ये त्यात मुलं स्वतः विधेयक लिहितात आणि ऑस्टिनच्या खऱ्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या १८८८ च्या त्या गुलाबी दगडी इमारतीत, मांडतात. हिचं विधेयक स्कूलबसमध्ये एसी सक्तीचा करण्याबद्दल होतं. (इथला ऑगस्ट भोगलेल्यांना कारण सांगायला नको.)

आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत एका कॉलेजच्या मुलाने सहज तिचा कागद चाळला आणि म्हणाला, “पहिलं वाक्यच नाही!” ‘टेक्सासच्या विधिमंडळाने असा कायदा करावा की…’ हे ठरलेलं वाक्य टेक्सास राज्याच्या घटनेनेच बंधनकारक केलंय, ते नसेल तर बाकीच्या पानांना काही अर्थ नाही. बाबा रे, तू कोण होतास? रात्री साडेअकराला काउंटरवरच्या बाईंनी वीस प्रती छापून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्यांचेही आभार.

सकाळी कॅपिटॉलच्या जमिनीखालच्या मजल्यांत आम्ही पार हरवलो. सुरक्षारक्षक काकांनी नुसती दिशा दाखवली नाही, समितीच्या दारापर्यंत सोडलं.

विधेयक समितीतच पडलं, दोन मतांनी. विरोधात बोललेल्या मुलीने नंतर येऊन खर्चाचा मुद्दा नीट समजावला. परतीच्या गाडीत दोघी एकाच डब्यातल्या करंज्या खात होत्या.