दादरच्या लायब्ररीतल्या काकांना

काका, नमस्कार,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. पण आभार मानणारच आणि चारचौघांत मानणार, कारण माझ्यासारखे कितीतरी शिक्षक नोकरी सांभाळून एमए, पीएचडी करतायत, रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडून आकडे शोधत बसतायत, आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत तुमच्यासारखं कोणी बसलेलं असेलच असं नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या प्रबंधाचा विषय होता परळ-लालबाग-शिवडीकडच्या मराठी शाळांचा पट का उतरला. कारण मला माहीतच आहे असं धरून चालले होते, इंग्लिश मीडियम, दुसरं काय. मी स्वतः मराठी शाळेत शिकवते, दर जूनमध्ये शाळा सोडल्याचे दाखले लिहिताना पोटात तुटतं, त्यामुळे दुसरं काही सुचतच नव्हतं. फक्त पुरावा म्हणून आकडे हवे होते आणि तेच मिळत नव्हते, एका ऑफिसात तर तीन टेबलं फिरवून "सगळं ऑनलाइन आहे मॅडम" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि विचारलंत, "बाळा, मुलं शाळेतून गेली की मुंबईतून गेली?"

त्या एका प्रश्नाने माझा अख्खा दुसरा चॅप्टर बदलला. तुम्ही जनगणनेची पानं उघडायला लावलीत. मुंबई शहर जिल्हा, २००१ ला ३३.३८ लाख माणसं, २०११ ला ३०.८५ लाख. अडीच लाख कमी! आणि त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर. मी किती वेळ नुसती बघत बसले होते. १९८२ चा संप, मग गिरण्या बंद, चाळी पडल्या, टॉवर आले, आणि माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली, माझे मामा पण त्यातलेच, पण हे घरातलं दुःख शाळेच्या हजेरीपटात पण उतरलेलं असणार हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इंग्लिश मीडियमचं कारण खोटं नाही, पण आधी वस्तीत मुलंच किती उरली ते बघायचं आणि मग कोण कुठल्या शाळेत गेलं ते, हा क्रम तुम्ही दिलात.

दुसरं म्हणजे यूडायस, देशभरातल्या शाळांची माहिती जमवणारी सरकारी यंत्रणा. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून मी ती माहिती स्वतः भरते, पण तो आकडा पुढे कुठे जातो, त्याचं काय होतं, याचा विचार केला नव्हता. तुम्ही शाळेचा ११ अंकी कोड फोडून दाखवलात, पहिले दोन राज्याचे म्हणजे आपले २७, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा वॉर्ड, शेवटचे दोन शाळेचे, आणि मग त्या कोडवरून एकेक शाळेचं रिपोर्ट कार्ड काढत बसलो आपण, चार दुपारी गेल्या त्यात. माझी सगळ्यात मोठी चूक तुम्ही तिथेच पकडलीत. देशाचा एकूण पट २०२१-२२ ला २६.५२ कोटी आणि २०२३-२४ ला २४.८० कोटी, मी सरळ लिहून टाकलं होतं की दोन वर्षांत पावणेदोन कोटी मुलं शाळेबाहेर गेली. तुम्ही थांबवलंत. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली, आधी शाळा नुसती एकूण संख्या भरायची, एकच मूल दोन शाळांच्या पटावर असलं तर दोनदा मोजलं जायचं. मोजायची पद्धतच बदलली तर अलीकडचा आकडा पलीकडच्यातून सरळ वजा करता येत नाही. ते वाक्य तसंच छापलं गेलं असतं आणि कोणीतरी ते माझ्या नावाने पुढे वापरलं असतं, हा विचार केला की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

असरचं, म्हणजे प्रथम या संस्थेच्या वाचन-गणिताच्या सर्व्हेचं, पण तसंच. मुलांना वाचता येतं का यावर मला असरचे आकडे टाकायचे होते, २००५ पासूनचे, सगळे ओळखतात ते. तुम्ही म्हणालात तो सर्व्हे गावांतल्या घरी जाऊन होतो, त्यात मुंबई नाहीच. प्रथमचं काम १९९५ च्या सुमारास मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत सुरू झालं, त्यामुळे मला वाटलेलं मुंबई असणारच. मग नॅसकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाकडे वळलो, १२ नोव्हेंबर २०२१ ची परीक्षा, तिसरी, पाचवी, आठवी, दहावी, त्यात जिल्ह्याचं रिपोर्ट कार्ड आहे, पण त्या दिवशी शाळेत बसलेल्या मुलांचंच. जे मूल गॅरेजमध्ये कामाला आहे ते त्यात कुठे येणार. क्लासच्या खर्चासाठी एनएसएसची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची, ७५ वी फेरी सांगितलीत, आणि त्यातून वॉर्डाचा आकडा काढायचा नाही अशी ताकीद पण.

माध्यमानुसार, वॉर्डनुसार दहा वर्षांचा पट मात्र मला कुठेच एका जागी मिळाला नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलात. १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय, १० रुपये फी. पहिल्या अर्जात मी "शाळांची सर्व माहिती" मागितली होती, तुम्ही म्हणालात असं मागितलंस तर काहीच हाती येणार नाही, कुठल्या रजिस्टरमधला कुठला कॉलम ते लिही. उत्तर ३० दिवसांच्या आत आलं, सही-शिक्क्यासकट, आणि मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये उघडलं तेव्हा हात थरथरत होते.

व्हायवा गेल्या आठवड्यात झाला. बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की पट कमी झालाय म्हणता, पण तिथली मुलांची संख्या तपासली का? मी जनगणनेचं पान उघडलं आणि बोलायला लागले.

सोमवारी शाळा सुटली की साडेपाचला लायब्ररीत येते, बाइंड केलेली प्रत घेऊन. आधी पान ४७ ची तळटीप बघा, यूडायसच्या बदललेल्या पद्धतीबद्दलची, त्यात काही चुकलं असेल तर पेन्सिलने खूण करा, जर्नलला पाठवायच्या आधी दुरुस्त करते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची बाई